एक धागा, दोन सुया

मराठी भाषेत ‘विणणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. विणकर मागावर लुगडे विणतो, बुरूड बांबूच्या कामट्यांची टोपली विणतो, सुगरण पक्षी गवताच्या धाग्यांचे घरटे विणतो. कोळी जाळे विणतो; मग तो भिंतीच्या कोपऱ्यात बसणारा आठ पायांचा कोळी असो, की समुद्रकाठी राहून मासे धरणारा असो. खाट सुंभाने विणतात, चटई पात्यांनी विणतात. आणि थंडीच्या आरंभी लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन आजी नातवासाठी स्वेटर करू लागली, म्हणजे तीही ‘विणते’ असेच आपण म्हणतो. एका शब्दाच्या छत्राखाली इतक्या क्रिया नांदत असल्यामुळे त्या सर्व एकाच जातीच्या असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु आजीच्या हातातील दोन सुयांचे काम या सर्वांहून निराळे आहे. ते निराळेपण कशात आहे, हे एखादा लहानसा चौकोन स्वतः विणून पाहिल्यावाचून पुरतेपणी कळत नाही.

मागावरील कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात व आडव्या धाग्यांना बाणा. ताण्याचे शेकडो धागे आधी मागावर ताणून बसवावे लागतात आणि मग धोटा इकडून तिकडे फेकून बाण्याचा धागा त्यांच्या खालून-वरून न्यावा लागतो. कोळ्याच्या जाळ्यात ठिकठिकाणी गाठी असतात. सुयांवरील विणकामात ताणा नाही, बाणा नाही, आणि मधल्या विणीत एकही गाठ नाही. तेथे आरंभापासून शेवटपर्यंत एकच धागा चालत असतो. त्या धाग्याचा एक फास करावयाचा, त्या फासातून दुसरा फास ओढून काढावयाचा, दुसऱ्यातून तिसरा. अशा शेकडो फासांच्या परस्परांत गुंतण्याने कापड तयार होते. प्रत्येक फास खालच्या फासातून उगवलेला असतो व वरच्या फासाला आधार देतो. विणकाम करणारे या फासाला ‘टाका’ म्हणतात.

हा फरक पाहण्यासाठी दूर जावयास नको. धोतर किंवा पंचा हातात घेऊन धाग्यांच्या दिशेने ओढला, तर तो फारसा ताणला जात नाही. कारण त्यातील धागे आधीच जवळजवळ सरळ असतात. सुती बनियन मात्र सहज रुंदावते आणि सोडल्यावर पुन्हा आवरते. बनियनचे कापड भिंगाखाली धरून पाहिले, म्हणजे त्यावर वेणीच्या पेडांसारख्या उभ्या रांगा दिसतात. तेच टाके होत. ओढ बसली की प्रत्येक टाका आपला आकार बदलतो आणि ओढ संपली की पूर्वस्थितीकडे वळतो. डोक्यातून घालावयाचे कपडे, मोजे, कानटोपी या वस्तू अंगाला बसतात त्या याच गुणामुळे. बनियन यंत्रावर तयार होते आणि स्वेटर हातावर. तरी दोहोंची वीण एकच आहे.

कापूस आणि विणणे यांचा संबंध भारतात अतिप्राचीन आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात १९२० नंतरच्या दशकात चांदीच्या एका पात्राला चिकटलेले सुती कापडाचे अवशेष सापडले. त्यांचे वय चार हजार वर्षांहून अधिक आहे. त्या धाग्यांची शास्त्रीय तपासणी मुंबईत, माटुंगा येथील कापूस-संशोधनाच्या प्रयोगशाळेत करण्यात आली आणि तो खरोखर कापूसच असल्याचे सिद्ध झाले. ते कापड मागावरचे होते. दोन सुयांवरच्या विणीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये मिळाले असून ते साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील आहेत. विशेष असे की, ते लोकरीचे नसून बहुतांशी पांढऱ्या व निळ्या सुताचे आहेत. विणकाम म्हटले की आज लोकर आठवते. पण या कलेचे जे जुने अवशेष आपल्यापर्यंत पोहोचले, ते कापसाचे आहेत.

पुढे ही कला युरोपात पसरली. तेथे तिला मोठी प्रतिष्ठा लाभली व पुरुष कारागिरांचे संघ स्थापन झाले. मध्य युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत या संघात उस्ताद म्हणून प्रवेश मिळवू पाहणाऱ्याला नक्षीदार गालिच्यासारख्या अवघड वस्तू विणून आपले कौशल्य सिद्ध करावे लागे. विणकाम हे केवळ मुलींचे काम होय, ही समजूत इतिहासाला मान्य नाही. १५८९ साली इंग्लंडमधील विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. मायदेशी त्याला राजाश्रय लाभला नाही, म्हणून तो फ्रान्सला गेला. तथापि त्याच्या यंत्राने फासातून फास काढण्याची जी युक्ती साधली, तिच्यातूनच पुढे कारखान्यातील विणकाम वाढीस लागले. यंत्राने हाताची गती शेकडो पटींनी वाढविली, पण टाक्याचे मूळ रूप बदलले नाही. म्हणून आज जो विद्यार्थी दोन सुया हातात घेतो, तो इजिप्तमधील त्या अनाम कारागिरांचीच कृती पुन्हा करीत असतो.

नवशिक्याने प्रथम काय विणावे? उत्साहाच्या भरात पुष्कळजण एकदम स्वेटरला हात घालतात. चार बोटे काम होते, एक बाजू रुंद होत जाते, दुसरी आवळते, आणि ते अर्धवट काम पेटीच्या तळाशी जाऊन पडते. त्यापेक्षा तळहाताएवढा चौकोन विणणे शहाणपणाचे होय. तो दोन-तीन बैठकांत पुरा होतो. आणि आरंभ, मध्य व शेवट या तिन्ही अवस्था त्यात अनुभवावयास मिळतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत अमेरिकेतील शाळकरी मुलामुलींनी असेच लहान चौकोन विणले आणि ते एकमेकांस जोडून रुग्णालयांसाठी पांघरुणे तयार झाली. एका मुलाच्या हातून संपूर्ण पांघरूण झाले नसते. एक चौकोन मात्र नीट होऊ शकत होता.

आपल्या घरात अशा चौकोनाचा एक सोपा उपयोग आहे. उन्हाळ्यात थंड सरबताचा पेला मेजावर ठेवला, की थोड्याच वेळात त्याच्या बाहेरील अंगावर पाण्याचे थेंब जमतात. पेल्यातून पाणी झिरपले असे लहान मुलांना वाटते. माठाच्या बाबतीत ते खरे असते, कारण माठाची माती सच्छिद्र आहे. काच किंवा स्टील सच्छिद्र नाही. हे थेंब हवेतून येतात. हवेत अदृश्य वाफ असते. थंड पेल्याला लागलेली हवा निवते आणि तिला ती सर्व वाफ धारण करवत नाही. पहाटे गवतावर दव पडते तेही याच कारणाने. म्हणून मुंबई-कोकणातील दमट हवेत पेल्याला अधिक घाम येतो व कोरड्या हवेत कमी. हे पाणी ओघळून लाकडी मेजावर साचले, तर रोगणावर पांढुरके वर्तुळ उमटते व ते सहजी जात नाही. पेल्याखाली सुताचे एखादे लहानसे आसन असले, तर ते हे पाणी टिपून घेते. अशा आसनाला व्यवहारात ‘कोस्टर’ म्हणतात.

हे आसन सुताचेच का असावे, याला कारण आहे. लोकरीच्या केसाचा पृष्ठभाग पाण्याच्या थेंबाला चटकन आत घेत नाही. थेंब वरून घरंगळतो. शिवाय लोकर गरम पाण्यात चोळून धुतली तर आटून घट्ट होते. कृत्रिम धागा पाणी फारसे शोषीत नाही आणि अधिक उष्णतेने मऊ पडतो. धुऊन स्वच्छ केलेले सूत पाणी तत्काळ शोषून घेते. त्याचा आणखी एक गुण असा की, बहुतेक तंतू ओले झाले म्हणजे दुबळे होतात, तर कापसाचा तंतू ओला झाला असता अधिक बळकट होतो. म्हणूनच सुती कपडा वर्षानुवर्षे धोपटून धुतला तरी टिकतो. गरम चहाच्या कपाखालीही हे आसन उपयोगी पडते; टाक्यांच्या पोकळ्यांत अडकलेली हवा उष्णतेला मेजापर्यंत पोहोचू देत नाही. मात्र आसन ओले असेल तर हा गुण राहत नाही. ओल्या फडक्याने तापलेले भांडे धरले की हात पोळतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तसेच चुलीवरून नुकताच उतरविलेला तवा त्यावर कधीही ठेवू नये; सूत करपते.

सुताचे इतके गुण असले तरी शिकणाऱ्याची ते थोडी परीक्षा पाहते. लोकरीचा केस नैसर्गिकपणेच नागमोडी असतो. तो ताणला तर परत आखडतो, आणि हाताने केलेले लहान-मोठे टाके त्या लवचीकपणात झाकून जातात. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. त्याला पीळ धरता येतो, पण ताणून परत येण्याची शक्ती त्याच्यात थोडी असते. त्यामुळे सूत भीडभाड ठेवीत नाही. हात जसा चालला तसा ते दाखविते. एक टाका आवळला आणि दुसरा सैल पडला, तर दोन्ही जसेच्या तसे दिसत राहतात. हा दोष न मानता गुण मानावा. स्वतःचा हात कोठे चुकतो, हे स्पष्ट सांगणारा गुरू आरंभीच लाभणे हे भाग्याचेच आहे.

सूत निवडताना साधारण दोन मिलिमीटर जाडीचे, फिक्या रंगाचे व अनेक पदरांना चांगला पीळ दिलेले घ्यावे. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण हट्टी माणसाला उद्देशून वापरली जाते. विणकामात मात्र पिळाचा हा हट्ट हवासा असतो. पीळ सैल असला तर सुईचे टोक पदरांच्या मध्ये शिरते आणि धाग्याचा अर्धाच भाग विणीत येतो. गडद रंगाच्या सुतात टाके नीट दिसत नाहीत, म्हणून नवशिक्याने ते टाळावे. सुया चार मिलिमीटर जाडीच्या, शक्यतो लाकडी किंवा बांबूच्या असाव्यात. धातूच्या गुळगुळीत सुयांवरून टाके लवकर घसरतात. याशिवाय एक कात्री, एक मोजपट्टी आणि मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची एक शिवणाची सुई जवळ असली म्हणजे पुरे. एका चौकोनाला पंधरा ते वीस मीटर सूत लागते.

प्रथम टाके घालावयाचे. सुताच्या टोकापासून वीतभर अंतर सोडून एक सरकफास करावा, तो एका सुईवर चढवावा व हलकेच आवळावा. हा पहिला टाका होय. ही सुई डाव्या हातात धरावी. उजव्या सुईचे टोक त्या टाक्यात पुढून मागे शिरवावे; गुंड्याकडून येणारा धागा मागील बाजूने उजव्या सुईच्या टोकाभोवती खालून वर वेढावा; तो वेढा टाक्यातून पुढे ओढून घ्यावा. असा जो नवा फास उजव्या सुईवर आला, तो डाव्या सुईवर चढवावा. आता डाव्या सुईवर दोन टाके झाले. नव्या टाक्यातून याच रीतीने तिसरा काढावा आणि वीस टाके होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. डावखुऱ्या विद्यार्थ्याने उजव्याच्या जागी डावा व डाव्याच्या जागी उजवा असे समजून चालावे.

टाके घालताना ते फार आवळू नयेत. टाका सुईवर मागे-पुढे सरकला पाहिजे. आरंभी भीतीमुळे बोटे ताठ होतात, धागा ओढला जातो आणि पुढील ओळीत सुई आत शिरत नाही. सायकल शिकणारा मुलगा जसा हँडल घट्ट आवळतो, तसाच हा प्रकार आहे. खांदे सैल सोडावेत, कोपरे अंगालगत ठेवावीत आणि धागा तर्जनीवरून मोकळा वाहू द्यावा.

वीस टाके पुरे झाले, म्हणजे खऱ्या विणण्यास आरंभ होतो. शिकावयाचा टाका एकच. त्याला सुलट टाका म्हणतात. त्याच्या चार क्रिया आहेत: शिरवणे, वेढणे, ओढणे आणि सोडणे. धागा मागील बाजूस ठेवून उजवी सुई डाव्या सुईवरील पहिल्या टाक्यात पुढून मागे शिरवावी. धागा तिच्या टोकाभोवती खालून वर वेढावा. तो वेढा टाक्यातून पुढे ओढावा. शेवटी जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. यांपैकी पहिल्या तीन क्रिया टाके घालताना करून झालेल्याच आहेत. नवी क्रिया फक्त शेवटची. वीस टाके उजव्या सुईवर आले की एक ओळ पुरी झाली. विणकाम करणाऱ्यांच्या बोलीत अशा ओळीलाही ‘सुई’च म्हणतात. मग काम फिरवून भरलेली सुई डाव्या हातात व मोकळी उजव्या हातात घ्यावी आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात करावी.

बनियनवर दिसणारी वेणीसारखी सफाई साधण्यासाठी एक सुई सुलट व एक सुई उलट विणावी लागते. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच पाठ. ती वीण दिसावयास सुंदर असली तरी पेल्याखालच्या आसनाला निरुपयोगी आहे. तिच्या पुढील अंगावर सर्व टाक्यांचे एक रूप असते व मागील अंगावर दुसरे. दोन्ही बाजूंचे ताण सारखे नसल्यामुळे तिच्या कडा गुंडाळल्या जातात. अशा कापडावर पेला ठेवला तर तो डगमगेल. सर्व सुया सुलट विणल्या असता काम दर ओळीला फिरते, टाक्याचा दर्शनी भाग एकदा या अंगाला तर एकदा त्या अंगाला येतो, आणि दोन्ही बाजूंचे ताण परस्परांना तोलून धरतात. म्हणून ही वीण सपाट राहते, दोन्ही अंगांनी सारखी दिसते आणि जाडही होते. तिच्यावर शेतातील सऱ्या-वरंब्यांसारखे आडवे उंचवटे उठतात. पेल्यावरून ओघळलेले पाणी त्या सऱ्यांत साठते व तेथून सुतात मुरते.

या विणीचे एक गणितही आहे. दोन ओळी विणल्या की एक वरंबा तयार होतो आणि त्या एका वरंब्याची उंची जवळजवळ एका टाक्याच्या रुंदीइतकी असते. म्हणून वीस टाके घातले असता वीस वरंबे, म्हणजे चाळीस ओळी विणल्यावर चौकोन पुरा होतो. येथे सांगितलेल्या सुतावर व सुयांवर त्याची बाजू साधारण दहा सेंटिमीटर भरते. कोणाचा हात घट्ट असेल तर ती थोडी कमी भरेल, सैल असेल तर थोडी अधिक. पण टाके आणि वरंबे सारखे ठेवले की आकार चौकोनीच राहतो. एक कोपरा समोरच्या कोपऱ्यावर दुमडून पाहावा. कडा जुळल्या म्हणजे काम बरोबर झाले. वीस टाके चाळीस वेळा विणले म्हणजे आठशे टाके झाले. पहिल्या शंभरांत बोटे अडखळतात. शेवटच्या शंभरांत ती मनाला न विचारता चालू लागतात. त्या आसनात सुताबरोबरच हा अभ्यासही विणला गेलेला असतो.

वाटेत चुका होणारच. त्या ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक ओळीच्या अखेरीस टाके मोजणे. विसाऐवजी एकवीस भरले, तर बहुधा ओळीच्या आरंभी धागा सुईच्या वरून मागे गेलेला असतो. त्यामुळे पहिला टाका वर ओढला जाऊन त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन्ही विणले जातात. धागा सुईच्या खालून मागे नेला म्हणजे ही चूक टळते. एकोणीस भरले, तर एखादा टाका सुईवरून निसटला असे समजावे. ही चूक अधिक गंभीर आहे. सुटलेल्या टाक्याच्या आधारावर खालचा टाका उभा होता. आता तोही सुटतो, मग त्याच्या खालचा, आणि पाहता पाहता विणीत एक उभी शिडी पडते. गाठ नसलेल्या या कापडात एकाने धीर सोडला की त्याच्या रांगेतील साऱ्यांचा आधार जातो. म्हणून टाका निसटलेला दिसताच हात थांबवावा व त्या फासात एखादी पिन अडकवून ठेवावी.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे चूक तशीच ठेवून पुढे जाणे, आणि दुसरा म्हणजे चुकीपर्यंत काम उसवून पुन्हा विणणे. पहिला मार्ग सोपा वाटतो. परंतु जी चूक आज एका ओळीत आहे, तिच्यावर उद्याच्या दहा ओळी उभ्या राहतात, आणि मग ती दुरुस्त करण्यासाठी त्या दहाही ओळी मोडाव्या लागतात. चूक जवळ असेल तर एकेक टाका उलट्या क्रमाने डाव्या सुईवर परत घ्यावा. ती दूर असेल तर सुई काढून घ्यावी, धागा हलकेच ओढीत त्या ओळीपर्यंत यावे आणि मोकळे झालेले वीस फास एकेक करून पुन्हा सुईवर चढवावेत.

‘उसवणे’ हा शब्द आपण एरवी हानीच्या अर्थाने वापरतो. शिवण उसवली म्हणजे कपडा निकामी झाला, मैत्रीची वीण उसवली म्हणजे मने दुरावली. या कलेत मात्र उसवणे हे दुरुस्तीचे साधन आहे. सुताराने फळी आखूड कापली तर ती पुन्हा लांब होत नाही. शिंप्याची कात्री चुकीच्या जागी चालली तर ते कापड वाया जाते. कुंभाराचे मडके भट्टीतून वाकडे निघाले तर त्याची पुन्हा माती होत नाही. या सर्वांना शिकताना काहीतरी खर्ची घालावे लागते. दोन सुयांवर शिकणाऱ्याचा धागा मात्र जसाच्या तसा परत मिळतो. त्याला थोड्या वळ्या पडलेल्या असतात, आणि त्याही पाण्यात भिजवून सुकविल्या असता बऱ्याचशा जातात. खर्च होतो तो वेळेचा. पण तोही वाया जात नाही. कारण सूत गुंड्याकडे परत गेले, तरी बोटांनी मिळविलेले कसब परत जात नाही. दुसऱ्यांदा विणलेली ओळ पहिल्यापेक्षा अधिक सारखी येते, याचा प्रत्यय प्रत्येक शिकणाऱ्याला येतो.

चाळीस ओळी झाल्या, म्हणजे टाके बंद करावयाचे. प्रथम दोन टाके सुलट विणावेत. डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरील पहिला टाका उचलून दुसऱ्यावरून पलीकडे सोडावा. उजव्या सुईवर आता एकच राहील. पुढचा एक टाका विणावा व पुन्हा आधीचा त्याच्यावरून सोडावा. असे करीत अखेरीस एकच टाका उरला की धागा वीतभर ठेवून कापावा, तो त्या शेवटच्या फासातून ओवावा आणि ओढावा. हे काम सैल हाताने करावे. घट्ट केले तर ही कड आखडते व चौकोनाचा आकार बिघडतो. दोन्ही टोकांचे धागे बोथट सुईत ओवून वरंब्यांच्या आतून दोन इंच न्यावेत व मग उलट दिशेने परत आणावेत. लोकर लोकरीला चिकटून राहते. सूत घसरते, म्हणून ही दुहेरी फेरी आवश्यक असते. मग चौकोन पाण्यात बुचकळून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, हाताने आकार सारखा करून सपाट जागी सुकवावा. पहिल्या धुण्यात सूत थोडे आटते, याची जाणीव ठेवावी.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींच्या विचारांना अनुसरून शिक्षणाच्या केंद्रस्थानी हस्तव्यवसायाला स्थान देण्याचा पुरस्कार करण्यात आला. हातांनी एखादी उपयोगी वस्तू करताना गणित, विज्ञान व भाषा ही आपोआप शिकली जातात, असा त्यामागील विचार होता. हा तळहाताएवढा चौकोन त्या विचाराची लहानशी साक्ष देतो. वीस आणि चाळीस यांचा गुणाकार त्यात आहे, दवाचे कारण त्यात आहे, आणि ‘विणणे’ व ‘उसवणे’ या दोन शब्दांचा खरा अर्थही त्यात आहे.

पहिले आसन बहुधा थोडे वाकडे होते. एक कड किंचित फुगलेली असते, मध्येच एखादा टाका सैल दिसतो. त्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. ते पाणी तितकेच टिपते. त्याच सुताचे दुसरे आसन विणून दोन्ही शेजारी ठेवावीत, म्हणजे हाताची प्रगती डोळ्यांना दिसते. सहा आसने झाली की घरात पाहुणा आला असता प्रत्येक पेल्याखाली एकेक मांडता येते. आणि त्यांतील पहिले कोणते व सहावे कोणते, हे विणणाऱ्याला न मोजताही ओळखता येते.